पुनर्वापरयोग्य मानवी अंतराळयान : स्पेस शटलचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एका उड्डाणानंतर यान निकामी होणे, ही अंतराळ प्रवासाची आरंभीची रीत खर्चिक होती. तीवर उपाय म्हणून अमेरिकेने १९७२ मध्ये स्पेस शटल प्रकल्पास मान्यता दिली. हे यान पुनर्वापराच्या कसोटीस कितपत उतरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व कार्य :
पंख असलेले ऑर्बिटर, दोन घनइंधन बूस्टर व बाह्य इंधनटाकी हे शटलचे प्रमुख भाग होत. बूस्टर समुद्रातून परत आणले जात. टाकी मात्र दरवेळी नष्ट होई. ऑर्बिटर इंजिनाच्या बळाविना तरंगत धावपट्टीवर उतरे. पुनःप्रवेशाच्या प्रखर उष्णतेपासून त्याचे रक्षण करणाऱ्या हजारो फरशा प्रत्येक उड्डाणानंतर तपासाव्या लागत.

उड्डाणांचा इतिहास :
१२ एप्रिल १९८१ रोजी 'कोलंबिया'ने पहिले उड्डाण केले. वर्षाला सुमारे ५० उड्डाणे अपेक्षित होती. प्रत्यक्षात १९८५ मधील ९ हाच उच्चांक ठरला. २८ जानेवारी १९८६ रोजी थंडीमुळे बूस्टरच्या सांध्यातील रबरी कडे निकामी होऊन 'चॅलेंजर' ७३ सेकंदांत नष्ट झाले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर 'कोलंबिया' भंगले. उड्डाणावेळी टाकीवरील फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता. मृत १४ अंतराळवीरांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या. १३५ उड्डाणांनंतर २०११ मध्ये शटल निवृत्त झाले.

निष्कर्ष :
परत आलेल्या बूस्टरांवर झिजलेली कडी व ऑर्बिटरवर फोमचे घाव पूर्वीच दिसले होते. परंतु यान सुखरूप परतले, म्हणून ते नेहमीचेच मानले गेले. पुनर्वापराचा खरा लाभ, म्हणजे परतलेल्या यंत्राने दिलेली साक्ष, येथे वाया गेला, असे म्हणावे लागते.