आडवी लहर, उभी लहर

रेल्वेच्या वेळापत्रकाचा असाही उपयोग होतो, हे जगदीशचंद्र बसूंनी दाखवून दिले. ब्रॅडशॉच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानापानांत धातूचा वर्ख घालून त्यांनी त्याची चाळणी केली. एका बाजूने धरले की विद्युतलहर आरपार जाई, नव्वद अंशांत फिरवले की अडे. आज गावातल्या गच्चीवर इंटरनेटची डिश बसवणारा मुलगा पाना फिरवून जे जुळवत असतो, ते हेच.

या गुणधर्माला 'ध्रुवण' म्हणतात. ('ध्रुवीकरण' हा शब्द हल्ली राजकारण्यांनी पळवला आहे.) लहरीतील विद्युतक्षेत्र आडवे हेलकावते की उभे, एवढाच त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तके खिडकीच्या गजांतून हलवलेल्या दोरीचा दाखला देतात. तो फसवा आहे, कारण तारांच्या जाळीत उलटे घडते: तारांना समांतर हेलकावणारी लहरच अडते.

हे प्रथम दाखवले हाइन्‍रिश हर्ट्‌झने, १८८८ साली, जर्मनीतील कार्लस्रूहे येथे. लाकडी चौकटीवर तीन-तीन सेंटिमीटरवर तांब्याच्या तारा ताणून त्याने जाळी बनवली. लहर पाठवणारा आणि टिपणारा असे दोन अन्वस्त आरसे एकमेकांना काटकोनात ठेवले, की ठिणगी पडेनाशी होई. मधे तीच जाळी ४५ अंशांत तिरकी धरली, की पुन्हा पडे. हा तिरकेपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बसूंनी मे १८९५ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे याच विषयावरचा निबंध ठेवला आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली उपकरणे दाखवली. १८९८ मध्ये तर त्यांनी पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून लहर सोडली. उजव्या पिळाने ध्रुवणाची दिशा एकीकडे वळली, डाव्याने दुसरीकडे. साखरेचे द्रावण प्रकाशाशी असेच वागते, आणि त्या वागण्याची प्रतिकृती त्यांना तागात सापडली होती. माझ्या मते, ॲन्टेना जुळवायला लागणारे मूलभूत विज्ञान इथेच जवळजवळ पुरे झाले. अपुरी राहिली ती माणसामाणसांतली सहमती.

मार्कोनीच्या लांब लहरींच्या काळात वाद नव्हता. जमिनीलगत जाणारी आडवी लहर जमीनच गिळते, म्हणून मनोरे उभे. दूरचित्रवाणी आल्यावर वाटा फुटल्या. १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बीबीसीने उभे ध्रुवण वापरले, अमेरिकेने आडवे स्वीकारले. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा गच्च्यांवर आडव्या काड्यांचे ॲन्टेना उगवले. ते कोणी उभे का लावत नाही, हे विचारण्याची गरज कुणालाच पडली नाही, कारण प्रक्षेपण करणारा एकच होता.

घरोघर बिनतारी इंटरनेट देणाऱ्यांचे तसे नाही. मनोरा एकाचा, डिश दुसऱ्याची, बसवणारा तिसरा. सुरुवातीच्या बऱ्याच उपकरणांत एकच ध्रुवण असे. मनोऱ्यावर उभे आणि घरावर आडवे लागले, तर संदेश २० डेसिबलने, म्हणजे शंभरावा हिस्सा उरेपर्यंत, सहज घटतो. मोकळ्या हवेत दहा किलोमीटरची पोच एकवर येते. तार तुटलेली नसते, दिवा लुकलुकत असतो, आणि ग्राहक शिव्या मात्र कंपनीला घालतो.

पुढे एकाच डिशमध्ये दोन्ही ध्रुवणे आली आणि दोन प्रवाह एकाच वेळी धावू लागले. मग नवा घोळ: काहींनी उभे-आडवे ठेवले, काहींनी दोन्ही बाजूंना ४५ अंश तिरके. हर्ट्‌झची तिरकी जाळीच जणू परतली. एकेरी उपकरणाची अशी गाठ पडली तर निम्मी शक्ती, म्हणजे ३ डेसिबल, वाया जाते. दुहेरीत दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात. ते गणिताने सोडवता येतात, पण दोन्ही टोकांच्या उपकरणांना ती विद्या यावी लागते. ती नसेल तर डिश फिरवण्यावाचून इलाज नाही.

यात पावसाचाही हात आहे. पडताना मोठा थेंब चपटा होतो, म्हणून वरच्या कंप्रतांवर आडवी लहर उभीपेक्षा जास्त क्षीण होते. कोकणासारख्या मुलखात लांबच्या दुव्यासाठी उभ्या ध्रुवणाला झुकते माप द्यावे, ते यासाठी.

अलीकडे थोड्या अंतरासाठी ६० गिगाहर्ट्‌झची उपकरणे मिळू लागली आहेत. त्या लहरीची लांबी सुमारे ५ मिलिमीटर. बसूंच्या कलकत्त्यातील सर्वांत आखूड लहरीही जवळपास एवढ्याच होत्या.