एरिया ५१, अथांग विहीर आणि धूमकेतूमागचा ठिपका: रात्रीच्या रेडिओकडे लोकांनी काय काय मागितलं

लोकलमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्येमध्ये फाटे फुटले होते, त्यातले काही छाटलेत, काही मुद्दाम ठेवलेत.

विषय सुचवा म्हटलं की तुमच्याकडून काय येणार हे आता मला पाठ झालंय. शनिवारवाड्यातली हाक. घाटात लिफ्ट मागणारी बाई. एरिया ५१ मध्ये काय लपवलंय. भविष्यातून आलेला माणूस. आणि हमखास एक मेसेज, बहुतेक वेळा रात्री दोननंतर पाठवलेला: "झोपेत छातीवर कुणीतरी बसतं, हलता येत नाही, यावर बोला ना."

बरोबर याच मागण्यांवर उभा राहिलेला एक रेडिओ कार्यक्रम अमेरिकेत आहे. नाव कोस्ट टू कोस्ट एएम. त्याचे जुने भाग यूट्यूबवर तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेही असतील. आज त्याचा इतिहास बघू, पण एका बाजूनं: लोकांनी काय मागितलं, आणि त्या मागणीच्या अगदी शेजारी कुठली खरी गोष्ट पडून होती.

आधी माणूस. आर्ट बेल, जन्म १९४५. अमेरिकन हवाई दलात नोकरी, लहानपणापासून हॅम रेडिओचं वेड. १९७८ पासून लास वेगासच्या केडीडब्ल्यूएन या स्टेशनवरून तो रात्रीचा कार्यक्रम करायला लागला. सुरुवातीला विषय साधे होते, राजकारण वगैरे. मग हळूहळू उडत्या तबकड्या, भुतं, सरकारी गुपितं यांनी जागा घेतली. १९८८ मध्ये कार्यक्रमाला आजचं नाव मिळालं. पुढे बेल लास वेगासपासून शंभरेक किलोमीटरवर, पारम्प नावाच्या वाळवंटी गावातून, स्वतःच्या घरातूनच प्रसारण करायचा. ऐन भरात असताना शेकडो स्टेशनं हा कार्यक्रम घेत होती.

हे रात्रीच का चालायचं? एक कारण भीतीचं, ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं निव्वळ भौतिकशास्त्राचं. दिवसा वातावरणातला आयनांचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात. पन्नास हजार वॉटचं एक स्टेशन रात्री अर्धा देश व्यापतं. (आपल्या आजी-आजोबांनी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकली तीही अशीच आकाशावरून टप्पा खाऊन आलेली. ती लघुलहर होती, एवढाच फरक.) त्यामुळे ट्रक ड्रायव्हर, नाइट वॉचमन, रात्रपाळीच्या नर्स आणि ज्यांना झोपच लागत नाही असे लोक, सगळे एकाच आवाजाला बांधले गेले.

आणि बेलचा एक नियम होता. तो फोन गाळून घेत नसे. इतर ठिकाणी आधी कुणीतरी फोन उचलतं, काय बोलणार ते विचारतं, मग पुढे सोडतं. बेलकडे थेट हवेत. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्यांसाठी एक लाइन, पश्चिमेकडच्यांसाठी दुसरी, पहिल्यांदाच फोन करणाऱ्यांसाठी वेगळी. कधीकधी खास लाइन उघडायची: फक्त कालप्रवाशांसाठी. हॅलोवीनच्या रात्री तर पाहुणा नसायचाच, लोक एकामागून एक फोन करून आपापल्या भुतांच्या गोष्टी सांगायचे. समोरच्याला वेडा न म्हणता ऐकून घेणं ही बेलची खरी कला, आणि माझ्या मते ती फारच कमी लोकांकडे असते. पण त्याच्याच पोटात पुढचा सगळा घोळ आहे.

११ सप्टेंबर १९९७. त्या रात्री एरिया ५१ मध्ये काम केलेल्यांसाठी लाइन उघडली होती. एक माणूस फोनवर येतो, आवाज थरथरतोय, जवळजवळ रडतोय. म्हणतो, मला वैद्यकीय कारणावरून काढून टाकलं, माझ्या मागावर लोक आहेत, वेळ कमी आहे. दुसऱ्या मितीतले जीव, येणारी संकटं, असं काहीबाही सांगत असतानाच प्रसारण बंद पडतं. उपग्रहाशी संपर्क तुटला आणि नेटवर्क जवळपास अर्धा तास गप्प. लोकांनी काय समजायचं ते समजलं. पुढच्या वर्षी एकानं फोन करून तो मीच होतो, सगळी नक्कल होती असं सांगितलं. फोनचा तो तुकडा मात्र टूल या रॉक बँडच्या २००१ च्या अल्बममध्येही जाऊन बसला.

आता शेजारची गोष्ट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते एरिया ५१ चा खरा भाग हाच आहे.

लास वेगासच्या वायव्येला साधारण १३० किलोमीटरवर ग्रूम लेक नावाचं कोरडं तळं आहे, त्याच्या काठावर हा तळ. १९५५ मध्ये इथे यू-२ या हेर विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी प्रवासी विमानं जिथे उडायची त्याच्या दुपटीहून उंच हे विमान जायचं. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असताना त्याच्या पंखांवर वर ऊन चमकायचं, आणि वैमानिक तबकडी दिसल्याचं कळवायचे. २०१३ मध्ये सीआयएनं खुली केलेली कागदपत्रं हेच सांगतात. तळाचं नाव त्यांत उघडपणे छापलेलं आहे.

आणि १९९४ मध्ये याच तळावरच्या कामगारांनी कोर्टात धाव घेतली. पत्रा कापणारे, जोडणारे, अशी कामं करणारी साधी माणसं. त्यांचं म्हणणं असं की तळावरचा विषारी कचरा, त्यात रसायनं आली, विमानांच्या लेपाचं साहित्य आलं, उघड्या चरांत टाकून पेटवला जायचा. धूर अंगावर यायचा. कातडी फुटायची, श्वास लागायचा. दावा करणाऱ्यांत वारलेल्या कामगारांच्या दोन विधवाही होत्या. जिवंत कामगारांनी नावं न देता खटला भरला, कारण त्यांनी गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्या होत्या आणि तोंड उघडणं हाच गुन्हा ठरला असता. वकील होते जोनाथन टर्ली, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक.

सरकारनं काय केलं? आधी तळाचं नावच सांगायला नकार. मग राष्ट्रीय गुपित म्हणून पुरावा देण्यास नकार. कामगारांना फक्त एवढंच हवं होतं की जळलं काय ते कळू द्या, म्हणजे डॉक्टर उपचार तरी करतील. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही करून "ग्रूम लेकजवळच्या हवाई दलाच्या ठिकाणाला" पर्यावरण कायद्यानुसार माहिती उघड करण्यापासून सूट दिली. १९९८ च्या सुरुवातीला अपील कोर्टानं सरकारची बाजू उचलून धरली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. संपलं.

तारखा परत बघा. रेडिओवर तो रडणारा माणूस आला तेव्हा, सप्टेंबर १९९७ मध्ये, खरे आजारी कामगार अपिलाच्या निकालाची वाट बघत होते. तब्येतीमुळे बाहेर पडलेला, मागे सरकार लागलेला, बोलायची चोरी असलेला कामगार. नकलेतलं हे सगळं वर्णन त्यांना लागू होतं. त्यांच्याकडे एलियन तेवढे नव्हते.

विहिरीची गोष्ट थोडक्यात उरकतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये मेल वॉटर्स असं नाव सांगणाऱ्या एकानं बेलच्या कार्यक्रमात सांगितलं की वॉशिंग्टन राज्यात एलेन्सबर्गजवळ माझ्या जागेत एक अथांग भोक आहे. मासेमारीची दोरी ऐंशी हजार फूट सोडली तरी तळ लागला नाही. म्हणजे चोवीस किलोमीटर! ते भोक कधी सापडलं नाही, आणि त्या नावाच्या माणसाच्या मालकीची अशी जागा तिथल्या नोंदींतही मिळाली नाही. पण माणसानं खोदलेलं सगळ्यात खोल भोक खरंच आहे, रशियात, कोला द्वीपकल्पावर. १९७० साली सुरुवात झाली, १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गाठले. तळाशी तापमान १८० अंशांवर गेलं, खडक इतका मऊ पडला की छिद्र टिकेना. एवढ्या कष्टांनी जे मिळालं ते मेलच्या दोरीच्या जेमतेम निम्मं. तोंडावर आज गंजलेलं झाकण बसवलंय, रुंदी नऊ-दहा इंच.

आता धूमकेतू. इथे हसण्यासारखं काही नाही.

हेल-बॉप धूमकेतू जुलै १९९५ मध्ये सापडला. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्याकडूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, संध्याकाळी, वायव्येला. घरात विचारा, कुणीतरी गच्चीवरून बघितलेला असेल. १४ नोव्हेंबर १९९६ ला ह्यूस्टनचा एक हौशी निरीक्षक, चक श्रॅमेक, बेलच्या कार्यक्रमात आला. म्हणाला, मी काढलेल्या फोटोत धूमकेतूजवळ शनीसारखी कडी असलेली मोठी वस्तू आहे आणि माझ्या संगणकातल्या ताऱ्यांच्या नकाशात तिथे काहीच नाही. मग एमरी विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक कोर्टनी ब्राऊन आले. त्यांच्या संस्थेतली माणसं म्हणे मनानं दूरचं बघू शकत होती, आणि त्यांना तिथे कृत्रिम यान "दिसलं" होतं. पुढे बड्या खगोलशास्त्रज्ञानं दिलाय असं सांगून एक फोटोही पुरवला गेला.

ती वस्तू म्हणजे एक तारा होता. एसएओ १४१८९४, यादीत आधीपासून असलेला, अगदी मामुली. कडी म्हणजे दुर्बिणीतून फोटो काढताना तेजस्वी ठिपक्याभोवती उमटतात तशा रेषा. धूमकेतू शोधणाऱ्या अ‍ॅलन हेल यांनी स्वतः हे लिहून प्रसिद्ध केलं. जानेवारी १९९७ मध्ये तो दुसरा फोटो इंटरनेटवर टाकल्याबरोबर हवाई विद्यापीठाच्या डेव्हिड थोलेन यांनी ओळखला: तो त्यांच्याच दुर्बिणीतून सप्टेंबर १९९५ मध्ये काढलेला होता, त्यात कुणीतरी जास्तीचा ठिपका घातला होता. बेलनं हे सगळं लपवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण तोवर 'धूमकेतूमागचं यान' सगळीकडे पसरलं होतं.

२६ मार्च १९९७ ला कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोजवळ रँचो सांता फे इथल्या एका भाड्याच्या बंगल्यात हेवन्स गेट या पंथाचे ३९ लोक मृतावस्थेत सापडले. त्यांनी सामुदायिक आत्महत्या केली होती. सगळ्यात लहान २६ वर्षांचा, सगळ्यात मोठं माणूस ७२ चं. हेल-बॉपमागून येणारं यान आपल्याला घेऊन जाईल अशी त्यांची समजूत होती.

याचं खापर रेडिओवर फोडणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. हा पंथ सत्तरच्या दशकापासून होता, यानाची वाट तेव्हापासून बघत होता, आणि धूमकेतूला जोडीदार असो वा नसो आम्हाला फरक पडत नाही असं त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर लिहूनही ठेवलं होतं. तेव्हाच्या बातम्यांत असंही आलं की त्यांनी एक दुर्बीण विकत घेतली आणि परत केली, कारण तिच्यातून धूमकेतू दिसला पण यान दिसलं नाही. तरीही एक गोष्ट मला टोचत राहते. त्या ठिपक्याचं नाव काय, हा प्रश्न त्या नोव्हेंबरच्या रात्रीच एखाद्या वेधशाळेला विचारता आला असता. उत्तर यादीत छापलेलं होतं.

आता छातीवर बसणाऱ्याकडे येऊ, कारण ती तुमची मागणी आहे आणि इथे बेलच्या श्रोत्यांनी खरंच काहीतरी कमावलं. २००१ मध्ये कार्यक्रमात 'सावलीची माणसं' हा विषय निघाला. खोलीच्या कोपऱ्यात, डोळ्याच्या कडेला दिसणारी काळी आकृती. बेलनं लोकांना चित्रं काढून पाठवायला सांगितली आणि ती आली, वेबसाइटवर लागली. अनेकांना पहिल्यांदा कळलं की असं दिसणारे आपण एकटे नाही.

याला निद्रा पक्षाघात म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना भिंतीवर आपटू. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. मधल्या त्या काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, डोळे उघडे, शरीर दगड, आणि स्वप्न अजून चालू. छातीवर दाब वाटतो. कोपऱ्यात कुणीतरी उभं असतं. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी चेटकीण येऊन बसते असं सांगतात. अपुरी झोप, रात्रपाळ्या, ताण आणि पाठीवर उताणं झोपणं, यांनी हे वाढतं. त्या क्षणी ओरडायचा प्रयत्न करू नका, पायाचं एक बोट हलवायचा करा, पुष्कळांना तेवढ्यानं सुटका मिळते. वारंवार होत असेल, दिवसाही झोप आवरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

बेलनं २००२ च्या शेवटी रोजचा कार्यक्रम सोडला. जानेवारी २००३ पासून जॉर्ज नूरी तो चालवतात. बेल पुन्हा येत-जात राहिला आणि १३ एप्रिल २०१८ ला पारम्पच्या घरीच गेला. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि त्याच्या श्रोत्यांनी यातूनही काय काय काढलं असेल ते मी तुमच्यावर सोडतो.

पुढच्या भागात घाटातली लिफ्ट मागणारी बाई घेतोय, फार दिवस टाळत होतो. तुमच्याकडे तिचा किस्सा असेल तर पाठवा. फक्त कुठला घाट, कुठलं वळण, साल कोणतं आणि हे तुम्हाला नेमकं कुणी सांगितलं, एवढं सोबत लिहा.