बेने इस्रायल कुटुंबांतील हनुक्का : एका सणाच्या गृहप्रवेशाचा इतिहास

प्रस्तावना

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या इतिहासलेखनात या समाजाचे मूळ, त्याच्या आगमनाचा काळ आणि त्याने उभारलेली सिनेगॉग या विषयांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने उंबरठ्याच्या आतील धार्मिक जीवनात होत गेलेल्या स्थित्यंतराकडे कमी लक्ष दिले गेले. वास्तविक या समाजाचा धर्म शतकानुशतके घरानेच सांभाळला होता. सिनेगॉग नव्हते, हिब्रू ग्रंथ नव्हते, धर्मपंडितही नव्हते. होते ते केवळ घर आणि घरातील रूढी. अशा घरात पूर्वजांना ठाऊक नसलेला एक सण प्रथमच साजरा होऊ लागला, तेव्हा नेमके काय घडले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हनुक्का हा तो सण होय. त्याचा बेने इस्रायल कुटुंबांतील प्रवेश कोणत्या मार्गाने झाला व त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हनुक्का : उगम आणि स्वरूप

इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास सेल्युसिड राजा चौथा अँटिओकस एपिफेनस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली व जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले. मत्तथ्य व त्याचे पुत्र, म्हणजेच मक्काबी बंधू, यांनी त्याविरुद्ध उठाव केला. इ. स. पूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबी याच्या नेतृत्वाखाली मंदिर मुक्त होऊन त्याची पुनःप्रतिष्ठा झाली. ‘हनुक्का’ या शब्दाचा अर्थच मुळी प्रतिष्ठापना असा आहे. किस्लेव महिन्याच्या पंचवीस तारखेपासून आठ दिवस हा सण पाळला जातो. एका दिवसापुरते असलेले शुद्ध तेल आठ दिवस पुरले, ही सुप्रसिद्ध कथा मात्र मक्काबींच्या ग्रंथांत नसून तालमूदमध्ये येते.

या सणाची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिले असे की, तालमूदच्या विधानानुसार हनुक्काच्या दिव्याचे कर्तव्य मूलतः घराचे आहे. गृहस्थ व त्याचे कुटुंब मिळून रोज एक दिवा लावला तरी किमान कर्तव्य पूर्ण होते. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असा चढता क्रम हिलेलच्या परंपरेने रूढ केला. दिवा घराच्या दाराबाहेर ठेवावा. संकटाचा काळ असल्यास घरात मेजावर ठेवला तरी चालतो. त्या उजेडात कोणतेही काम करावयाचे नाही. स्त्रियांवरही हे कर्तव्य सारखेच बंधनकारक आहे.

दुसरे वैशिष्ट्य असे की, हा सण हिब्रू बायबलमध्ये नाही. तो रब्बींच्या अधिकाराने प्रस्थापित झाला. दिवा लावताना म्हणावयाच्या आशीर्वचनात ईश्वराने ही आज्ञा दिल्याचा उल्लेख आहे. अशी आज्ञा दिली कोठे, असा प्रश्न तालमूदमध्येच उपस्थित केला आहे. त्यावरील एका उत्तरात धर्माधिकाऱ्यांच्या शब्दापासून न ढळण्याच्या आदेशाचा आधार घेतला आहे, तर दुसऱ्यात पित्याला विचारावे या अर्थाच्या वचनाचा. बेने इस्रायलांच्या संदर्भात हे दुसरे उत्तर विशेष अर्थपूर्ण आहे. कारण तेथे पित्याला विचारले असता त्यालाही या दिव्याची माहिती नव्हती.

‘शनिवार तेली’ आणि त्यांचे सण

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून त्यातून सात जोडपी बचावली व त्यांच्यापासून हा समाज वाढला. तेल गाळण्याचा व्यवसाय व शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांमुळे कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यात ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. कोचीनचे यहुदी व्यापारी एझिकेल राहाबी यांनी १७६८ मध्ये टोबियास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात कोकणातील या तेली यहुद्यांचा उल्लेख आहे. शब्बाथची विश्रांती व ‘शमा’ ही प्रार्थना यांपलीकडे त्यांना धर्माचे ज्ञान नाही, असा त्या पत्राचा आशय आहे.

तथापि हे निरीक्षण अपुरे होते. घराघरांत पाळले जाणारे सण मराठी नावांनी जिवंत होते. नव्याचा सण (रोश हशाना), दारे लावून उपवास करण्याचा दरफाळणीचा सण (योम किप्पूर), त्यानंतरचा शिळा सण, होळीचा सण (पुरीम), वल्हांडणाशी जोडलेला अनशी ढाकाचा सण आणि वालाच्या बिरड्यावरून ओळखला जाणारा बिरड्याचा सण (तिशा बेआव) ही त्यांपैकी प्रमुख होत. स्वयंपाकघरातील पदार्थ, दाराची कडी व मडक्याचे झाकण यांच्या आधाराने या समाजाने आपली स्मृती टिकविली होती. या यादीत हनुक्का मात्र नव्हता. मंदिरातील तेलाचा उत्सव तेल गाळणाऱ्यांच्याच घरी अज्ञात राहावा, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

सणाचा घरात प्रवेश

धार्मिक पुनर्जागृतीचा आरंभ परंपरा डेव्हिड राहाबी याच्याशी जोडते. त्याने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तिघांना शिक्षण देऊन धर्मकृत्यांसाठी नेमले व त्यांना ‘काजी’ म्हटले जाऊ लागले, असे सांगितले जाते. त्याचा काळ कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अनेकजण त्याचा संबंध कोचीनच्या अठराव्या शतकातील राहाबी कुटुंबाशी लावतात. यानंतर निश्चित असा टप्पा येतो तो १७९६ चा. ब्रिटिश सैन्यात चाकरी केलेले सामाजी हसाजी दिवेकर यांनी त्या वर्षी मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले सिनेगॉग, ‘शार हारहमीम’, उभारले. पुढे रेवदंडा, अलिबाग व पनवेल येथेही सिनेगॉग झाली.

१८२६ मध्ये व त्यानंतर कोचीनहून मुंबईस आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थना, तोरावाचन व वर्षभराचे सण यांचे शिक्षण दिले. याच सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्रायल मुले-मुली शिकू लागली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता; परिणाम मात्र निराळा झाला. मराठी बायबल व हिब्रू व्याकरण हाती आल्यामुळे हा समाज आपल्याच धर्माकडे अधिक जाणतेपणे वळला.

या दोन प्रवाहांतील भेद हनुक्काच्या बाबतीत निर्णायक आहे. पुरीमची कथा एस्तेरच्या पुस्तकात आहे. त्यामुळे बायबल वाचणाऱ्याला होळीच्या सणामागील मूळ प्रसंग उमगू शकत होता. हनुक्काचा विधी मात्र कोणत्याही बायबलमधून मिळणारा नव्हता आणि प्रोटेस्टंट पंथीयांच्या अधिकृत बायबलमध्ये मक्काबींच्या ग्रंथांचाही समावेश नाही. साहजिकच हा सण कोचीनच्या शिक्षकांमार्फत, प्रार्थनापुस्तकामार्फत व हिब्रू पंचांगामार्फतच येऊ शकत होता. इतर सण घरातून सिनेगॉगमध्ये गेले, तर हनुक्का सिनेगॉगमधून घरात आला, असे म्हणता येईल.

पुढील काळात मराठी अनुवादांनी ही वाट रुंद केली. वल्हांडणाच्या हागादाची मराठी अनुवादासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत व आणखी एक १८७४ मध्ये पुण्यात निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने समाजाची स्वतःची शाळा सुरू झाली.

या पार्श्वभूमीवर कुटुंबातील पहिल्या हनुक्काचे स्वरूप समजून घेता येते. दिवा नवा नव्हता. खोबरेल तेल, वात व पणती कोकणी घराच्या रोजच्या परिचयाची होती आणि शेजारच्या हिंदू घरांतील दिवाळीच्या पणत्या विझून काही आठवडेच लोटलेले असत. नवा होता तो नियम : दिव्यांची मोजदाद, त्यांचा चढता क्रम, उजेडाचा कामासाठी उपयोग न करणे आणि हिब्रू आशीर्वचन. ते वाचण्याची विद्या घरातील वडीलधाऱ्यांपेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलांकडे असण्याचा संभव अधिक होता. त्यामुळे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे जाण्याचा नेहमीचा क्रम येथे काही अंशी उलटला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. शिवाय पहिल्या रात्री, या समयापर्यंत पोहोचविल्याबद्दल ईश्वराचे आभार मानणारे आशीर्वचनही म्हटले जाते. अनेक पिढ्यांनंतर ते प्रथमच म्हणणाऱ्या कुटुंबाच्या तोंडी त्याला निराळेच वजन आले असले पाहिजे.

अभावाचा पुरावा

हनुक्का ठाऊक नसणे ही गोष्ट पुढे समाजाच्या अस्मितेच्या वादात दुधारी ठरली. बगदादहून आलेल्या यहुद्यांनी १८३६ मध्ये मुंबईच्या यहुदी दफनभूमीत विभाजक भिंत घालण्याची मागणी केली. बेने इस्रायलांच्या यहुदीपणाविषयीची शंका त्यामागे होती. धर्मविधींचे अज्ञान हे अशा शंकेचे एक कारण असे. केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात हाच युक्तिवाद उलटा फिरविला. पूर्वजांना हनुक्का माहीत नव्हता, याचा अर्थ ते मक्काबींच्या उठावापूर्वी, इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास निघाले असले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. जे उणे म्हणून दाखविले जात होते, तेच प्राचीनतेचे प्रमाण ठरले.

ऐतिहासिक पुरावा म्हणून हा युक्तिवाद दुर्बल आहे. ज्या समाजात हिब्रू भाषा व ग्रंथ दोन्ही लुप्त झाले, तेथे रब्बींनी प्रस्थापित केलेला एखादा सण विस्मृतीत जाणे अशक्य नव्हते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले व त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा अंदाज वर्तविला गेला. त्यामुळे यहुदी मूळ या दाव्याला बळ मिळते, इ. स. पूर्व १७५ या तारखेला मात्र मिळत नाही. तरीही केहिमकरांच्या युक्तिवादाचे सामाजिक मोल कमी होत नाही. तो आपल्या पूर्वजांचा सन्मान राखण्याचा प्रयत्न होता. ही गरज पुढेही संपली नाही. इस्रायलमध्ये स्थलांतर केलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांच्या वेळी वंशचौकशी करण्याचे आदेश तेथील धर्मपीठाने १९६२ मध्ये काढले. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाल्यावर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. १) बेने इस्रायल कुटुंबांत हनुक्काचा प्रवेश ही एका दिवसाची घटना नसून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चाललेली प्रक्रिया होती. २) हा सण बायबलबाह्य असल्यामुळे त्याचा स्वीकार म्हणजे रब्बींच्या परंपरेचा, पर्यायाने जगभरच्या यहुदी समाजाशी असलेल्या नात्याचा, घराने केलेला स्वीकार होता. ३) या स्वीकारामुळे जुने मराठी सण नाहीसे झाले नाहीत, एलिया हन्नबीच्या नावाने होणारा मलिदा व हनुक्काचे दिवे एकाच घरात नांदले. ४) हनुक्काच्या अभावावरून आगमनाची तारीख ठरविता येत नाही, परंतु त्या अभावाचा समाजाने लावलेला अर्थ हा स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा आहे.

परंपरा ही केवळ वारशाने मिळते असे नाही. ती जाणीवपूर्वक शिकूनही आपलीशी करता येते. ज्या पिढीने वडिलांकडून न मिळालेला दिवा स्वतः शिकून लावला, तिने पुढच्या पिढीला मात्र तो वडिलांकडून मिळण्याची सोय करून ठेवली.