‘कानडा राजा पंढरीचा’ हा संतांचा अभंग आहे का?

नाही. आषाढीला संतवाणी म्हणून व्हायरल होणारे हे गाणे मुळात चित्रपटगीत आहे. चित्रपट ‘झाकोळ’ (१९८०), दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, ते १९७७ मध्येच गेले होते. मालकंस रागातली चाल सुधीर फडके यांची. पं. वसंतराव देशपांडे आणि स्वतः फडके यांनी ते गायले.

सिनेमा आज फारसा कुणाला आठवत नाही, गाणे मात्र मैफलीत रुळले. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे ते गातात, महेश काळेही. मूळ ध्वनिमुद्रण आधी ऐकाच.

‘कानडा’ म्हणजे कन्नड, तसाच न कळणारा, अगम्यही. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात कर्नाटकातूनही वारकरी येतात. ज्ञानेश्वरांच्या अभंगातही विठ्ठल कानडाच आहे.