म्युनिकचा संवाद

विज्ञान व उद्योग यांची वाढ होईल तसतसा धर्म सार्वजनिक जीवनातून मावळत जाईल, असे पाश्चात्त्य समाजशास्त्र दीर्घकाळ मानीत आले. एकविसाव्या शतकात श्रद्धावंत केवळ लहानसहान पंथांतून उरतील, असे पीटर बर्गर यांनी १९६८ साली म्हटले होते. मात्र १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीने साम्यवादी पोलंड ढवळून निघाला. आणि जग इहवादी झाले आहे हे गृहीतक खोटे असल्याचे १९९९ साली बर्गर यांनीच लिहिले.

या पार्श्वभूमीवर १९ जानेवारी २००४ रोजी म्युनिक येथील बव्हेरियाच्या कॅथलिक अकादमीत दोन जर्मन विचारवंत समोरासमोर आले. एक, तत्त्ववेत्ते युर्गन हाबरमास. दुसरे, कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, जे पुढच्याच वर्षी पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. लोकशाही राज्याला कायद्यापलीकडचा नैतिक आधार लागतो काय, हा विषय होता.

हाबरमास यांच्या मते राज्यघटनेला धर्माच्या टेकूची गरज नाही. परंतु जागतिक बाजारपेठेवर कोणत्याही राज्याचा अंकुश चालेनासा झाला की नागरिकांमधील बंधुभाव आटतो. अशा वेळी धर्मपरंपरांनी जपलेले शहाणपण इहवाद्यांनीही ऐकावे. मानव ही देवाची प्रतिमा आहे, या श्रद्धेचे सर्वांच्या समान प्रतिष्ठेत झालेले भाषांतर हे त्यांनी दिलेले उदाहरण.

आपल्याकडे हा प्रसंग निरीश्वरवाद्याची शरणागती म्हणून सांगितला जातो. तसे मुळीच नव्हते. धर्माच्या संगीताला आपला कान नाही, असे हाबरमास यांनी २००१ सालीच सांगितले होते, आणि म्युनिकलाही ते श्रद्धावंत म्हणून बोलले नाहीत. शिवाय रॅट्झिंगर यांचे उत्तर आपण अर्धेच लक्षात ठेवतो. अणुबाँब व माणसाला कारखान्यातील वस्तू समजणे हे बुद्धीचे आजार आहेतच. पण दहशतवादाला बळ देणारा धर्मही आजारी असतो, आणि त्याने विवेकाकडून शुद्ध होत राहिले पाहिजे, असे कार्डिनलांनी सांगितले.

ख्रिस्ती श्रद्धा व पाश्चात्त्य विवेक या दोघांनीही इतर संस्कृतींचे ऐकावे, हेही त्यांनी बजावले. तेथे त्यांनी 'धर्म' हा आपला भारतीय शब्द घेतला, तो पंथ या अर्थी नव्हे, तर अस्तित्वाच्या अंगभूत नियमाच्या अर्थी. मराठीत तो अर्थ अजून 'शेजारधर्म' या शब्दात नांदतो, आणि तो पाळताना शेजाऱ्याचे देऊळ, मशीद की चर्च हे कोणी विचारीत नाही.