तक्रार

अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते परत परत सांगणं. हिंदी-उर्दूत त्याचा वाद झाला, मराठीत गाऱ्हाणं. पण युनियनचं काम केलेल्या कुणालाही मूळ अर्थ लगेच पटेल. ओव्हरटाइमचे पैसे कापले गेले की कामगार आधी सुपरवायझरला सांगतो, मग युनियनच्या प्रतिनिधीला, मग लेबर ऑफिसरला. प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून. नुकसानीपेक्षा हे सांगणंच माणसाला खचवतं. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सक्तीची झाली; त्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती ठेवली आहे. तेव्हा तक्रार लेखीच द्या, आणि पोच घ्या.