राष्ट्रगीत, सिनेमा आणि शेजारची खुर्ची

बेंगळुरूत कोरमंगलाच्या फोरम मॉलमध्ये 2004 साली अकरा पडद्यांचं मल्टिप्लेक्स आलं, तेव्हा मुंबई-पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी माणसांना सिनेमाआधीचं राष्ट्रगीत नवं नव्हतं. महाराष्ट्र सरकारने 2003 मध्येच थिएटरांना ते सक्तीचं केलं होतं.

प्रथा त्याहून जुनी. ब्रिटिश अमदानीत राजाचं गीत वाजे. 1962 च्या चीन युद्धानंतर जन-गण-मन वाजू लागलं, तेही खेळ संपल्यावर. लोक ते सुरू व्हायच्या आत दाराकडे पळत, आणि सत्तरच्या दशकात प्रथा आपसूक बारगळली. पळणाऱ्यांना तेव्हा कुणी देशद्रोही म्हटल्याचं ऐकिवात नाही. सगळ्यांनाच शेवटची बस गाठायची असे.

1971 चा राष्ट्रसन्मान कायदा राष्ट्रगीत हेतुपुरस्सर रोखणाऱ्याला किंवा गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. नुसतं बसून राहणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

जुलै 1985 मध्ये केरळातल्या एका शाळेने यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकलं. ती प्रार्थनेत राष्ट्रगीताला सरळ उभी राहत, पण धर्म आड येतो म्हणून गात नसत. ऑगस्ट 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी त्यांना परत घ्यायला लावलं: अभिव्यक्ती स्वातंत्र्यात गप्प राहणंही येतं. बसणाऱ्याच्या बाजूने हा निकाल सर्रास पुढे केला जातो. पण मुलं उभी होती, हे त्यात महत्त्वाचं. बसणाऱ्याला त्याचा आधार वाटतो तितका भक्कम नाही.

30 नोव्हेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. दीपक मिश्रा यांच्या पीठाने देशभरच्या थिएटरांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं, वर त्या वेळी दारं बंद ठेवा असंही सांगितलं. दिल्लीच्या उपहार थिएटरच्या आगीत 59 माणसं गेल्याला तेव्हा वीसही वर्षं झाली नव्हती. काही दिवसांत खुलासा करावा लागला, की दारांना कडी घालायची नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये न्या. धनंजय चंद्रचूडांनी भर न्यायालयात विचारलं, की देशभक्ती अशी मिरवायची कशाला. उद्या चड्डी घालून सिनेमाला येऊ नका म्हणाल. जानेवारी 2018 मध्ये सक्ती उठली. वाजवणं ऐच्छिक झालं. वाजलंच तर मान राखावा, एवढं उरलं.

बेंगळुरूत पुढच्याच वर्षी काय झालं बघा. मे 2019 मध्ये कोरमंगलापासून जवळच, गरुडा मॉलमध्ये, न उठलेल्या एका तरुणाला आधी प्रेक्षकांनी धारेवर धरलं, मग पोलिसांनी अटक केली. पुढे जामीन मिळाला. ऑक्टोबरमध्ये मल्लेश्वरमच्या मल्टिप्लेक्समध्ये ‘असुरन’च्या खेळाला बसून राहिलेल्यांना तुम्ही पाकिस्तानी का, असं विचारणारा व्हिडिओ फिरला. न्यायालयाने सोडलेलं काम शेजारच्या खुर्चीने उचललं होतं.

गोव्यात तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाच्याही आधी, 2016 मध्येच, पणजीच्या थिएटरात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका लेखकाला राष्ट्रगीत चालू असताना मागून फटका बसला. तो थिएटरच्या खुर्चीत बसला होता, त्यामुळे मारणाऱ्याला चाकं दिसली नसावीत. 1971 च्या कायद्यातलं व्यत्ययाचं कलम त्या दोघांपैकी कुणाला लागतं?